किल्ली काढली, तिची कामे कोणाकडे दिली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत किल्लीवर चालणाऱ्या जुन्या मोटारीला बटणाने सुरू होणारी यंत्रणा बसवून घेण्यासंबंधीचा लेख नुकताच वाचनात आला. हे काम म्हणजे चार वायरी जोडण्याचा खेळ आहे, असा समज त्या लेखातून होतो. मी बरीच वर्षे मोटारींच्या वायरिंगचे काम केले आहे आणि असे बटण स्वतःच्या हाताने बसवलेही आहे, त्यामुळे या सोयीला सरसकट नाक मुरडण्याचा माझा हेतू नाही. माझी हरकत इतकीच आहे की बटण काय करते हे लेखात सविस्तर सांगितले असले, तरी किल्ली आजवर काय काय करत आली आणि ती काढल्यावर ती कामे कोण करणार, याचा हिशेब त्यात कुठेही नाही.

किल्ली पहिल्या खाचेत आली की रेडिओसारख्या किरकोळ उपकरणांना वीज मिळते, दुसऱ्या खाचेत इग्निशन, म्हणजे इंजिन पेटते ठेवणारी वीज, चालू होते, आणि तिसऱ्या टोकाला स्प्रिंगच्या विरोधात दाबून धरली की सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर, फिरतो. इंजिनाने पेट घेतल्यावर बोट सैल सोडले की स्प्रिंग तिला आपोआप मागे आणते. किल्ली बाहेर ओढल्यावर स्टेअरिंगला कुलूप बसते. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून, ऑस्ट्रेलियाने जुलै २००१ पासून आणि कॅनडाने सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे चोराला इंजिन सुरू करू न देणारी यंत्रणा, सक्तीचा केला. तेव्हापासून बहुतेक किल्ल्यांच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही. याशिवाय किल्ली आणखी एक काम करत असे, जे कोणी काम म्हणून मोजतच नाही: ती हातात आली याचा अर्थ इंजिन बंद झाले, अशी चालकाची खात्री ती पटवत असे. खिशातल्या रिमोटला ही खात्री देता येत नाही. बंदिस्त गॅरेजमध्ये चालू राहिलेल्या बिनकिल्लीच्या मोटारींमुळे अमेरिकेत २००६ पासून २८ जण कार्बन मोनॉक्साइडने दगावल्याचे वृत्त 'द न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१८ साली दिले होते, आणि ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद व्हावे यासाठी नियम करण्याची तरतूद तेथील २०२१ च्या कायद्यात करावी लागली. कारखान्यातून तसे बनून आलेल्या मोटारींची ही कथा आहे. बाजारातून आणून बसवलेल्या संचाला तर मोटार गॅरेजमध्ये आहे की रस्त्यावर, हे कळण्याचे काही साधनच नसते.

आता त्या चार वायरींविषयी. इग्निशन स्विचच्या मागे बॅटरीची कायम जिवंत वायर येते, जिला जर्मन पद्धतीच्या खुणांमध्ये ३० क्रमांक असतो. १५ क्रमांकाची वायर इग्निशनची आणि ५० क्रमांकाची सेल्फची. अनेक मोटारींत मात्र इग्निशनच्याच दोन वायरी असतात. त्यांपैकी एक सेल्फ फिरताना जिवंत राहते, तर दुसरी पंखा, वायपर, काचा असा भार तेवढ्या वेळापुरता तोडते, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद सेल्फच्या वाट्याला यावी. बसवणाऱ्याने या दोघींची अदलाबदल केली, तर सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, आणि मग बिचाऱ्या बॅटरीला दोष देऊन ती बदलली जाते. सेल्फची मोटर शंभर-दोनशे अँपिअर सहज ओढते. तो प्रवाह स्विचमधून जात नाही हे खरे, पण सेल्फला ती वीज जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचला, म्हणजे सोलेनॉइडला, लागणारा प्रवाहदेखील क्षणभर दहा अँपिअरहून बराच अधिक असतो. संचातले रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, त्या तोडीचे नसतील तर त्यांचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात आणि बोट काढले तरी सेल्फ फिरतच राहतो. किल्लीची स्प्रिंग हे काम हाताच्या जाणिवेवर करत होती. बटणाच्या यंत्रणेला इंजिन सुरू झाल्याचे कोणीतरी सांगावे लागते. चांगला संच त्यासाठी अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राच्या, दिव्याची वायर किंवा इंजिनाच्या फेऱ्यांचा संकेत वाचतो, तर हलका संच मनाशी ठरवलेल्या सेकंदांपर्यंत सेल्फ फिरवतो आणि थांबतो, मग इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालेले असो वा नसो.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे चालत्या गाडीत इग्निशन जाणे. एका परिचितांची मोटार माझ्याकडे आली तेव्हा तक्रार होती की खड्ड्यातून जाताना ती अधूनमधून बंद पडते. डॅशबोर्डखालचे आवरण काढल्यावर दिसले की १५ क्रमांकाची वायर कापून तिचा जोड नुसत्या पिळाने केला होता आणि त्यावर गुंडाळलेल्या टेपचा डिंक उन्हाळ्याने सुटला होता. संपूर्ण इंजिन त्या पिळावर टांगलेले होते. गाडी अशी मध्येच बंद पडली की नुसती चाके थांबत नाहीत. स्टेअरिंग जड होते, ब्रेक दाबायला इंजिनाकडून मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि एअरबॅगच्या यंत्रणेची वीजही जाऊ शकते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या लहान मोटारींमध्ये नेमके हेच घडत होते. इग्निशन स्विचमधली खाच इतकी ढिली होती की जड जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली चालू स्थितीतून मागे सरकत असे. २०१४ साली कंपनीला सुमारे २६ लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या आणि नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. एका सैल खाचेने एवढा अनर्थ घडवला असेल, तर त्याच जागी सैल जोड सोडणाऱ्या कारागिराला आपण काय म्हणावे?

स्टेअरिंगच्या कुलपाचा प्रश्न तर बहुतेक ग्राहकांना विचारायला सुचतच नाही. बटण बसले तरी किल्लीचे जुने कुलूप स्टेअरिंगच्या दांड्यावर तसेच असते. मग एक तर त्यात किल्लीचे पाते कापून कायमचे अडकवून ठेवतात, नाही तर कुलपाची खीळच काढून टाकतात. दोन्ही प्रकारांत चोराच्या वाटेतला एक लोखंडी अडसर आपण पैसे देऊन दूर केलेला असतो. तिसरा प्रकार सर्वांत वाईट, कारण त्यात खीळ अर्धवट मागे ओढून तारेने बांधतात. ती तार वळणावर सुटली तर काय होईल हे सांगायला नको. कारखान्याच्या यंत्रणेत हे कुलूप विजेवर चालते आणि गाडी हलत असताना ते बसू नये याची वेगळी खबरदारी घेतलेली असते.

इमोबिलायझरची कथा याहून विनोदी आहे. चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालत नाही, म्हणून संच बसवणारे मालकाकडून दुसरी किल्ली मागून घेतात, तिला छोट्या डबीत घालतात आणि ती डबी डॅशबोर्डमध्ये दडवून ठेवतात. घराला भक्कम कुलूप लावून किल्ली दारातल्या कुंडीखाली ठेवण्यासारखेच हे आहे. यापुढे मोटारीचे रक्षण केवळ नव्या संचाच्या रिमोटवर अवलंबून राहते, आणि हलक्या संचाचा रिमोट दर वेळी तोच संकेत पाठवत असेल, तर तो एकदा टिपून पुन्हा वाजवणे फारसे अवघड नाही. नामांकित कंपन्यांच्या यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की मालकाच्या खिशातल्या किल्लीचा आणि मोटारीचा संवाद मधल्या मध्ये लांबवून मोटार उघडता आणि सुरूही करता येते. आठ कंपन्यांच्या दहा प्रकारच्या मोटारींवर त्यांनी हा प्रयोग केला आणि दहाही मोटारी फसल्या.

लेखात रिमोटने दुरून इंजिन सुरू करण्याच्या सोयीचे फार कौतुक आहे. हाताने गिअर टाकायच्या मोटारीत ही सोय असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उतारावर पहिल्या गिअरमध्ये उभी केलेली गाडी दुरून सुरू केली, तर सेल्फच तिला पुढे ढकलतो, आणि इंजिनाने पेट घेतला की आत माणूस नसलेली गाडी चालू लागते. बटणाला ब्रेकच्या दिव्याची वायर जोडली म्हणजे सुरक्षितता आली, हाही असाच गैरसमज आहे. ती अट स्वयंचलित गिअरच्या मोटारीसाठी पुरते, कारण तेथे गिअरचा दांडा पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ फिरू न देणारा स्विच मूळचाच असतो. हातगिअरच्या गाडीला क्लच पूर्ण दाबला गेल्याचे सांगणारा स्विच हवाच, आणि तो नसेल तर आधी तो बसवावा, बटणाचा विचार नंतर करावा.

बंद करण्याच्या बाबतीत तर लेख मौनच पाळतो. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एक लेक्सस मोटार आवरेनाशी होऊन चौघांचा मृत्यू झाला. पायाखालच्या चटईत अ‍ॅक्सिलरेटर अडकला होता, मोटार तात्पुरती वापरायला मिळालेली होती, आणि तिचे इंजिन चालत्या स्थितीत बंद करायचे तर बटण तीन सेकंद दाबून धरावे लागत होते. घाबरलेला माणूस बटण धरून ठेवत नाही, तो ते पुन्हा पुन्हा दाबतो. आपल्या गाडीत बसवलेला संच चालत्या स्थितीत एका दाबाने बंद होतो, की धरून ठेवल्यावर, की मुळीच होत नाही, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे आणि जो जो ती गाडी चालवणार त्यालाही ते सांगितले पाहिजे.

बॅटरी उतरण्याचा मुद्दा छोटा आहे, पण रोजचा आहे. रिमोटची वाट पाहत जागा राहणारा संच ५० मिलिअँपिअर जरी ओढत असला, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी एकोणीस दिवसांत अर्धी रिकामी होते. रिमोटमधला नाण्याएवढा सेल संपल्यावर गाडी कशी सुरू करायची, हेही संच घेतानाच विचारावे.

इतके सगळे सांगूनही मी स्वतः बटण का बसवले, असे आपण विचाराल. माझ्या थोरल्या बहिणीच्या बोटांना संधिवात आहे. किल्ली लावून दुसऱ्या खाचेपर्यंत फिरवणे तिला जमत असे, पण स्प्रिंगच्या विरोधात तिसऱ्या टोकाला धरून ठेवताना तिला कळ येई. म्हणून किल्लीच्या डोक्यावर हाताच्या मुठीत नीट बसेल अशी जाड मूठ चढवली, चिपला धक्का न लावता, आणि बटणाकडे फक्त सेल्फचे काम दिले. किल्ली दुसऱ्या खाचेत असेल आणि क्लच पूर्ण दाबलेला असेल तरच बटणापर्यंत वीज पोहोचते. तेथून ती स्वतंत्र फ्यूज असलेल्या रिलेकडे जाते आणि रिले ५० क्रमांकाच्या वायरीला वीज देतो. इंजिन चालू असताना कोणी चुकून बटण दाबले तर सेल्फ हलू नये, म्हणून अल्टरनेटरच्या दिव्याच्या वायरीवर आणखी एक रिले टाकला. १५ क्रमांकाच्या वायरीला मी कात्री लावलीच नाही. स्टेअरिंगचे कुलूप, इमोबिलायझर, किल्ली हातात आली की इंजिन बंद ही खात्री, सगळे जागच्या जागी राहिले. शिवाय बटण बिघडले तर किल्ली तिसऱ्या टोकापर्यंत फिरवून गाडी आजही सुरू होते.

यात नवे काही नाही. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, आणि त्यानंतर कित्येक दशके असंख्य मोटारींत इग्निशनसाठी किल्ली आणि सेल्फसाठी हाताने किंवा पायाने दाबायचे वेगळे बटण अशीच विभागणी होती. ही दोन्ही कामे एकाच किल्लीच्या फिरकीत आणली ती क्रायस्लरने, १९४९ साली. ज्याला आज आपण आधुनिक म्हणतो ते बटण आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. त्यांनी फक्त किल्ली खिशात टाकली नव्हती.

ज्यांना संपूर्ण बिनकिल्लीची यंत्रणाच हवी आहे, त्यांना अडवणारा मी कोण? परंतु वाहनातील असा बदल नोंदणीच्या आणि विम्याच्या नियमांत बसतो का, हे त्यांनी काम सुरू होण्याआधी लेखी विचारून घ्यावे. गाडी ताब्यात घेताना बसवणाऱ्याकडून कोणती वायर कोठे कापली आणि कोठे जोडली याची हाताने काढलेली का होईना, पण सही केलेली आकृती मागावी, आणि त्याच्यासमोर मोकळ्या जागेत, गाडी गिअरमध्ये ठेवून, क्लचला पाय न लावता बटण दाबून पाहावे. सेल्फ हलला तर गाडी तेथेच ठेवून परत यावे. आपल्या पुरवणीत या विषयाचा पुढील भाग येणार असल्यास त्यात ही चाचणी छापावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक