आधी रामराम घाल, मग पैसे माग

मा. संपादक,
रामराम.

21 नोव्हेंबरला जागतिक हॅलो दिवस असतो हे मला परवा नातवानं मोबाईलवर दाखवलं. 1973 च्या ऑक्टोबरात इजिप्त-सीरिया आणि इस्रायलचं युद्ध पेटलं, ते बघून ब्रायन आणि मायकेल मॅककॉर्मॅक या दोघा अमेरिकन भावांनी त्याच साली हे सुरू केलं म्हणे. करायचं काय तर त्या दिवशी दहा जणांशी हॅलो करायचं, म्हणजे पुढाऱ्यांनाही कळावं की भांडण बोलून मिटवा, बंदुका कशाला. मला हसूच आलं, असं कुठं युद्ध थांबतं व्हय? पण मग माझीच नोकरी आठवली.

मी एसटीत कंडक्टर होतो, तासगाव, जत अशा गाड्या बरीच वर्षं केल्या. कंडक्टरची भांडणं बहुतेक सुट्ट्या पैशावरनं. तिकिटामागं "5 रु. येणे" असं पेनानं लिहून दिलं की समोरचा असा बघायचा जसं काय मी त्याचं शेतच लिहून घेतलं. नवा होतो तेव्हा गाडीत चढल्या चढल्या "सुट्टे काढा" म्हणून ओरडायचो आणि मग डबल बेल मारेपर्यंत दोन-तीन जणांशी वाजलेलं असायचं. एका जुन्या कंडक्टरनं सांगितलं, आधी रामराम घाल, मग पैसे माग. घातला. सुट्टे काय आभाळातनं पडले नाहीत, पण माणसं खिसे चाचपायला लागली, शेजारी शेजाऱ्याला मोडून द्यायला लागला.

पुढं पुढं तर ज्याचा त्याला घालायचो. माळकरी आला की रामकृष्ण हरी, कोणाला जय जिनेंद्र, कोणाला जय भीम, मिरजेच्या चाचांना सलाम, जतकडच्या कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना नमस्कार्री. माझा उच्चार ऐकून ते जे हसायचे ना, तिकीट काढायचं राहून जायचं! (आता व्हॉट्सअपवर रोज सकाळी फुलांचे फोटो येतात त्याला मी रामराम धरत नाही, पाठवणारा जिन्यात भेटला तर खाली मान घालून जातो.)

आता खरी गोष्ट लिहितो. 2019 च्या महापुरात आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे शेजारी चार दिवस आमच्याकडं वर होते, एका पातेल्यात खिचडी, एका मेणबत्तीवर सगळे. आणि आता त्यांच्याशीच आठ महिने अबोला आहे, कशावरनं तर त्यांची मोटरसायकल माझ्या स्कूटरला आडवी लागते यावरनं. गेटात समोरासमोर आलो की ते मोबाईल काढतात आणि मी, खोटं कशाला बोलू, बंद पडलेल्या घड्याळात वेळ बघतो.

गाडीत रोज शंभर अनोळखी लोकांना रामराम घालणारा माणूस मी, ओळखीच्या एकाला घालता येईना.

21 तारखेला दहा जण करायचेत. नऊ तर स्टँडवर चहा पिता पिता होतील. दहावे खाली राहतात, सकाळी सातला गाडी पुसायला बाहेर येतात.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, सांगली