अर्ज परत का आला, एवढे तरी सांगा

संपादक महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या गल्लीतल्या मुली प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून माझ्याकडे येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवले. आता निवृत्तीनंतर उत्पन्नाचा, जातीचा, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर असे दाखल्यांचे अर्ज राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर ऑनलाइन भरून देणे हेच माझे जून-जुलैचे काम झाले आहे. त्या अनुभवातून हे लिहिते आहे.

आधी चांगले ते सांगते. डिजिटल सहीचा सातबारा आज १५ रुपयांत घरबसल्या निघतो. एका उताऱ्यासाठी तलाठी कार्यालयाच्या पायरीवर सकाळ घालवलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे त्याचे मोल मला कळते. हयातीच्या दाखल्याचेही तसेच. पेन्शनसाठी तो बोटांच्या ठशांवरून ऑनलाइन देणारी ‘जीवन प्रमाण’ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, पण आयुष्यभर शेतात राबलेल्या आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे ठसेच यंत्रावर उमटत नसत. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली आणि माझ्या शेजारच्या ८१ वर्षांच्या आजींचा दाखला अंगणातल्या बाजेवर बसल्या बसल्या निघाला. अडचण कुठे आहे हे नीट पाहिले की ती सुटते, हे सरकारनेच दाखवून दिले आहे. म्हणूनच पुढची तक्रार करायला मन धजते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. आम्ही पाच कागद अपलोड केले, पैसे भरले, पावती जपून ठेवली. अकराव्या दिवशी अर्ज परत आला. शेऱ्यात दोन शब्द होते, ‘कागदपत्रे त्रुटीपूर्ण’. पाचांपैकी कोणता कागद, त्यात काय चुकले, काही नाही. रेशनकार्डाचे पान फाटलेले होते, म्हणून आम्हाला वाटले तेच असणार. ते चिकटवून पुन्हा स्कॅन केले. लाइट बिलही नवे जोडले. आठ दिवसांनी पुन्हा तोच शेरा आला, काना-मात्राही न बदलता. शेवटी मुलीच्या आईने खुरपणीचा रोज बुडवला आणि आम्ही दोघी एस.टी.ने तहसील कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मुलाने अर्ज उघडला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, ‘‘मॅडम, तलाठ्यांच्या अहवालात वडिलांचं नाव दत्तात्रय आहे आणि आधारवर दत्तात्रेय. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं स्वयंघोषणापत्र जोडा, होऊन जाईल.’’

तो अगदी नीट बोलला, त्याच्यावर माझा राग नाही. पण हीच दोन वाक्ये पहिल्याच वेळी स्क्रीनवर आली असती, तर त्या बाईची मजुरी वाचली असती आणि मुलीची तीन आठवड्यांची घालमेलही. तिने त्या तीन आठवड्यांत मला रोज विचारले, ‘‘बाई, माझंच काही चुकलं का?’’

माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीपाशी येते. अर्ज परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर प्रत्येक कागदासमोर कारणाचा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय अर्ज परत जाऊच नये. कोणता कागद, काय चुकले, त्याऐवजी काय चालेल, एवढे तीन मुद्दे पुरेत. मग अर्जदाराला फक्त तोच कागद बदलता यावा, सगळा अर्ज पुन्हा भरायला लावू नये. परत आलेल्या अर्जाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजणार की जिथे थांबले तिथून, हेही तिथेच दिसावे. ही काही मेहेरबानी मागत नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा आमचा हक्क आहे, आणि सेवा नाकारायची तर कारण लेखी नोंदवावे लागते. नाकारल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करता येते. पण ‘त्रुटीपूर्ण’ या शब्दावर माणूस अपील तरी कशाचे करणार? शिवाय अपील करता येते हे मी ज्यांचे अर्ज भरते त्यांतल्या क्वचितच कोणाला ठाऊक असते. नाकारल्याच्या त्याच संदेशाखाली अपिलाचे बटण दिले तर ठाऊक होईल.

नावांचा प्रश्न तर आपल्या भाषेचाच आहे आणि त्याचा विचार पोर्टल बनवतानाच व्हायला हवा. ज्ञानेश्वर इंग्रजीत ‘डी’ने सुरू करायचा की ‘जी’ने? शिंदे यांच्या शेवटी ‘ई’ की ‘वाय’? शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी एक लिहिले, बँकेत कारकुनाने दुसरे, आधारच्या शिबिरात ऑपरेटरने तिसरे. लग्न झालेल्या बाईचे तर वडिलांचे नाव, नवऱ्याचे नाव, माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव, शिवाय सासरी बदललेले नाव. या सगळ्यांत खोटे कोणीच बोललेले नसते. कागदांवरची नावे जुळत नाहीत हे अर्ज भरतानाच कळले आणि ‘ही दोन्ही नावे माझीच’ असे घोषणापत्र तिथेच देता आले, तर निम्मे अर्ज परत येणार नाहीत असे मला माझ्या वहीवरून वाटते. प्रत्येक अर्ज का अडकला ते मी त्या वहीत लिहून ठेवते.

बाकीच्या अडचणी लहान वाटतात, पण माणूस त्यांनीच मेटाकुटीला येतो. फोटो ५ ते २० केबीच्या आत हवा आणि कागद ७५ ते ५०० केबीच्या. मोबाइलवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो लहान करायला मुली झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि पैसे मोजतात. हे काम पोर्टलने स्वतः करावे. आमच्या भागात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची, आणि चौथ्या पानावर पोचलो की ‘सेशन संपले’ म्हणून पुन्हा पहिल्या पानावर यावे लागते. भरलेले तेवढे जतन व्हायला हवे. गावांच्या यादीत वडगाव दोनदा येते; बुद्रुक कोणते आणि खुर्द कोणते ते लिहिलेले नसते. जो सातबारा सरकारनेच ऑनलाइन दिला, तोच छापून, स्कॅन करून पुन्हा सरकारलाच द्यावा लागतो. सरकारी कागद ऑनलाइन ठेवायचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यातला कागद मुळासारखाच धरावा असा केंद्राचा नियमही आहे. तो तिथून थेट घेता यावा.

आणि भाषा. ‘लाभार्थ्याचा प्रवर्ग निवडा’ या ओळीपाशी दहावी झालेली मुलगीसुद्धा थबकते. ‘तुम्ही कोणत्या गटात आहात: एस.सी., एस.टी., ओबीसी, खुला?’ असे विचारले तर तिची आजीही उत्तर देईल.

एक सूचना कळकळीने करते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घेण्याचे काम अंगणवाडी सेविकांवर आले. रात्री दहा-दहा वाजेपर्यंत, ओटीपीची वाट बघत, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात आधारकार्ड घेऊन बसलेल्या सेविका मी पाहिल्या आहेत. कोणत्या रकान्यापाशी बायका अडतात, कोणता शब्द कळत नाही, कोणता कागद घरात नसतो, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? नवे पोर्टल किंवा ॲप सुरू करण्याआधी दहा सेविका आणि बचत गटातल्या दहा बायका बोलवाव्यात. त्यांच्याच मोबाइलवर त्यांना अर्ज भरू द्यावा, बनवणाऱ्यांनी शेजारी बसून नुसते बघावे, मधे बोलू नये. कुठे बोट थांबते ते लिहून घ्यावे.

आमच्या गल्लीतल्या दोघी सेविकांशी माझे बोलणे झाले आहे. संबंधित विभागातून कोणी येणार असेल तर त्या कोणत्याही रविवारी बसायला तयार आहेत. मीही माझी वही घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा