वायफाय नको, वाईला जायचंय

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : गाडीतली व्हॉइस कमांडची सोय सांगितल्याप्रमाणे चालत नसल्याबद्दल तक्रार

महोदय,

सात महिन्यांपूर्वी मी आपल्या पुण्यातल्या वितरकाकडून गाडी घेतली. खरं तर मधलं मॉडेल मला पुरेसं होतं. पण "मॅडम, घाटात एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, मग एसी कोण लावणार? गाडीला नुसतं सांगायचं," असं सेल्समन म्हणाला आणि मला ते पटलं. व्हॉइस कमांडसाठी म्हणून वरचं मॉडेल घेतलं, १ लाख ४० हजार जास्त मोजून. त्याबरोबर सनरूफ आलं, ते मी मागितलं नव्हतं.

माझं माहेर वाई. एक शनिवार आड जाणं होतं. आपल्या गाडीला मराठी येत नाही, हे गाडी दारात आल्यावर कळलं. माहितीपत्रकात "आपल्या भाषेत बोला" असं छापलंय, ती भाषा म्हणजे हिंदी किंवा इंग्रजी. बरं, हिंदीत म्हटलं, "वाई ले चलो." गाडीने वायफाय चालू केलं. इंग्रजीत सांगितलं तर तिला "व्हाय" ऐकू आलं आणि तिने माफी मागितली. आता मी साताऱ्याचा रस्ता लावते आणि सुरूर फाट्याला माझी मी वळते. वाई येईपर्यंत ती "यू-टर्न लीजिए" म्हणत राहते.

त्यात माझं नाव "हे"ने सुरू होतं. आपल्या गाडीला जागं करायचा शब्दही "हे"नेच सुरू होतो. आईने मला हाक मारली की गाडी "जी, कहिए" म्हणते. पहिले दोन महिने आई तिला उत्तरही द्यायची.

इथवर आम्ही हसण्यावारी नेलं. पत्र लिहायला बसले ती खंबाटकीमुळे.

जूनच्या शेवटच्या शनिवारी आईला वाईला सोडायला निघाले होते. घाट चढताना पाऊस धो धो, पुढे ट्रक, मागे एसटी. शेजारी आई, मागे नऊ वर्षांचा मुलगा आणि दोन ओल्या छत्र्या. पुढची काच आतून बघता बघता पांढरी झाली. जुन्या गाडीत अशा वेळी नजर रस्त्यावरच असायची. हात आपोआप बटणावर जायचा. काच मोकळी. या गाडीत ते बटणच नाही. स्क्रीनवर आधी एसीचं चित्र, मग दुसरं पान, मग त्यात काचेचं चित्र. म्हणून म्हटलं, "सामने का शीशा साफ करो."

"जी, शीशा खोल रही हूँ." माझ्या बाजूची खिडकी सरसर खाली गेली. शेजारून गेलेल्या ट्रकच्या चाकाचं पाणी थेट तोंडावर. मी ओरडले, "बंद करो!" तिने एसी बंद केला. हवेतली ओल काढणारा तोच, त्यामुळे उरलीसुरली काचही धुरकटली. खिडकीला निदान बटण होतं, ते ओढून ती वर घेतली. आईने पुढे वाकून पदराने काच पुसली. तळहाताएवढी जागा मोकळी झाली, त्यातून बघत पुढचं वळण घेतलं आणि पहिली रुंद जागा दिसली तिथे थांबले. आईचे हात त्यानंतरही थरथरत होते.

सोमवारी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. शेडमध्ये, इंजिन बंद, एसी बंद. तिथल्या मुलाने शुद्ध हिंदीत आज्ञा दिली आणि गाडीने सगळं बरोबर केलं. मग मला म्हणाला, "मॅडम, जरा स्पष्ट बोलायला लागतं." जॉब कार्डवर शेरा : दोष आढळला नाही. टपावर पाऊस वाजतोय, पंखा चारवर आहे, मागून मुलगा काहीतरी विचारतोय, अशा वेळी तो माइक काय ऐकतो, हे तपासायला कोणी माझ्याबरोबर रस्त्यावर यायला तयार नव्हतं. पसरणी घाटात नेटवर्क गेलं की ती एसीचंही ऐकत नाही, हे सांगितल्यावर "ऑनलाइन फीचर आहे" असं उत्तर मिळालं. माझ्यापासून हातभर अंतरावरचा एसी चालू करायला इंटरनेट कशाला लागतं, ते कृपया लेखी कळवा.

मराठी अवघड आहे असं म्हणू नका. गूगलचं व्हॉइस टायपिंग २०१७ पासून मराठीत आहे. या पत्राचा कच्चा मसुदा मी माझ्या साध्या फोनला बोलूनच लिहिला, आणि त्याने "वाई" पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं.

बटणांबद्दलही हौसेने बोलत नाही. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणारी यूरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून वायपर, इंडिकेटर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागतील अशी बटणं आहेत का, हे बघून गुण देते. काचेवरचं धुकं त्या यादीत नाही. आपल्या पावसाळ्यात मात्र मी ते हॉर्नच्या आधी लिहीन.

आता मला काय हवंय ते. विकलेल्या गाडीत आपण बटण बसवून देणार नाही, हे मला कळतं. पण काच मोकळी करायचं चित्र स्क्रीनवर कायम समोर ठेवणं सॉफ्टवेअरने होतं, ते पुढच्या अपडेटमध्ये द्या. गाडी चालू असताना आवाजाने खिडकी उघडणं बंद करण्याची सोय द्या. मराठी कधी येणार त्याची तारीख द्या, "लवकरच" नको. आणि हे जमत नसेल तर दोन मॉडेलमधल्या फरकाची रक्कम परत करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन. माहितीपत्रक जपून ठेवलंय.

आपल्या कॉल सेंटरने या आधी दोनदा मला फोन केला. दोन्ही वेळा "हिंदीसाठी दोन दाबा" असं यंत्रच बोलत होतं. कृपया माणसाकडून उत्तर यावं.

आपली,
एक ग्राहक, धनकवडी, पुणे

सोबत : बिल, माहितीपत्रक आणि जॉब कार्डची प्रत. नाव आणि गाडीचा क्रमांक जॉब कार्डवर आहे.