शहापूरच्या घराबद्दल

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल तुझं घर उघडून दिवसभर दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या. सोप्यापासून परसापर्यंत सगळं नीट बघितलं. फोनवर तू विचारलंस, दिवाळीत विकायचंय तर नवीन फरशी घालून, स्वयंपाकघर मोडून ग्रॅनाइटचा ओटा करून घेऊ का? अजिबात नको. आपल्या गल्लीत घर घेणारा आधी जागेचा हिशोब करतो, बांधकामाचा मागाहून. तू हौसेनं घातलेली फरशी तो उखडणार आणि तिचे पैसे तुला कुणी देणार नाही. पैसा दोनच ठिकाणी घाल, पाणी थांबवायला आणि कागद सरळ करायला.

न्हाणीकडच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत पोपडे आलेत. बोट फिरवलं की मिठासारखी पांढरी भुकटी लागते. वर बघितलं तर पन्हळ फुटलीय, त्यामुळे कौलांचं सगळं पाणी जोत्याशी पडतंय. ही भिंत पुट्टी मारून झाकू नकोस. घेणारा मिस्त्रीला घेऊनच येतो आणि मिस्त्री पहिल्यांदा न्हाणीचीच भिंत ठोकून बघतो. ओल लपवलेली सापडली की घरातल्या बाकी सगळ्यावरचाही विश्वास उडतो आणि भाव तिथेच पडतो. पन्हळ बदलू, फुटकी मंगळुरी कौलं काढून नवी बसवू, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग उचलू. गिलावा खरवडून भिंत चांगली वाळू दे, मग चुन्याचा गिलावा करू. दगड-मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते. पाऊस ओसरत आलाय, लगेच धरलं तर दिवाळीपर्यंत होईल.

आता एक आनंदाची गोष्ट. सोप्यातल्या खांबांवर तो हिरवा ऑइलपेंट आहे ना, त्यातला एक मी बोटभर खरवडून बघितला. खाली सागवान आहे, रेघा अजून जशाच्या तशा! चारही खांब घासून नुसतं तेल लावायचं. भिंतींना फिका रंग, मोठे बल्ब, गंजलेल्या कड्या-बिजागऱ्या बदलायच्या, नळ गळता कामा नये, बस्स. परसातलं गवत काढून आडावरची जाळी रंगवून घेऊ. आडाला पाणी आहे हे बघणाऱ्याला बादली टाकून दाखवायचं, उन्हाळ्यात बेळगावात नळाला पाणी कधी येतं हे त्यालाही ठाऊक असतं.

सामान मात्र पूर्ण हलव. माळ्यावरचे डबे, मोडका पलंग, काकांच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, फायली यांत माजघर निम्मं दिसतंय. पितळी भांडी अक्काला विचारल्याशिवाय मी कुणाला देणार नाही.

अक्कावरून मुख्य मुद्दा. घराचं खातं, म्हणजे पालिकेतली मालकीची नोंद, अजून काकांच्या नावावर आहे आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे अक्का आणि धाकटी, तुझ्या दोघी बहिणींचाही तुझ्याएवढाच हक्क. लग्नात दिलं-घेतलं हे कायदा मानत नाही. त्यांच्याशी आत्ताच, पैशाच्या वाटणीसकट, मोकळेपणानं बोल. सौदा ठरल्यावर सहीसाठी त्यांच्या दारात जाणं मला बरं वाटत नाही. मृत्यूचा दाखला, वंशावळ लावून वारसा नोंद कर, मग ई-खाता, म्हणजे त्याच नोंदीचा ऑनलाइन उतारा, काढ. त्याशिवाय आता विक्रीची नोंदणी होत नाही. आणि नावं तपास. आपली आडनावं कानडी कागदावर एक, आधारवर दुसरी, असं इकडे घरोघरी आहे. एका काना-वेलांटीनं बँकेचा वकील फाइल परत पाठवतो. ट्रंकेतला सांगली संस्थानच्या काळातला कागद मी वेगळा ठेवलाय, मूळ प्रत कुणाच्या हाती देऊ नकोस.

बँकेचं मी मुद्दाम लिहितोय. इथे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेली माणसं घरं शोधत असतात. ती बोलाचालीत घोळवत नाहीत, व्यवहार चेकनं करतात, पण कर्ज काढतात. ईसी (घरावरच्या बोजाचा दाखला), खाता, कर भरल्याच्या पावत्या एका फाइलीत तयार असल्या की असं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. लवकर विकणं म्हणतात ते यातच आहे.

भाव मनाशी ठरवण्याआधी गल्लीत अलीकडे झालेले खरे सौदे काढू. एजंट तुला खूश करायला चढा आकडा सांगेल, आणि घर महिनोन्‌महिने पडून राहिलं की लोक त्यात खोट शोधायला लागतात. कुणी निम्मे रोख म्हणाला तर सरळ नाही म्हण. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुला. सौदा 50 लाख किंवा त्यावर गेला तर 1 टक्का टीडीएस (आगाऊ आयकर) कापून पैसे येतील, तो धरून चाल. पुण्यात फ्लॅट घ्यायचा विचार पक्का असेल तर विक्रीपासून दोन वर्षांत घे, नफ्यावरचा कर वाचतो. हे सीएला आधीच विचार.

पितृपक्षात कुणी बघायला येणार नाही, तेवढ्यात कौलांचं काम उरकतो. तू अक्काशी बोल आणि दसऱ्याला दोन दिवस तरी ये, वारसा नोंदीच्या अर्जावर तुझी सही लागेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
गल्लीतला मित्र