टाकीत उतरण्याआधी हवा मोजा

महोदय,
कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची टाकी साफ करताना कामगार दगावले की बातमीत 'विषारी वायू' एवढेच कारण येते. तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो गाळातच अडकून राहतो आणि फावडे लागले की एकदम सुटतो. सडक्या अंड्यासारख्या वासावर मुळीच विसंबू नये. प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेले की नाकच बधिर होते आणि 'वास गेला, आता उतरा' असा हुकूम सुटतो.

गाळ आधी वरूनच सक्शन टँकरने ओढावा; कित्येकदा मग माणूस उतरवावाच लागत नाही. उतरावेच लागले तर येणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हला कुलूप घालावे, ब्लोअरचा (ताजी हवा सोडणाऱ्या पंख्याचा) पाइप तळापर्यंत सोडावा, आणि गॅस मीटरने वर, मध्ये व तळाशी मोजणी करावी. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली किंवा हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमवर असेल तर कोणीही उतरू नये. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे.

अनेकदा दुसरा बळी वाचवायला धावलेल्या सोबत्याचा जातो. टाकीच्या तोंडावर तिपाई, दोर गुंडाळणारा विंच आणि कामगाराच्या अंगावर फुल बॉडी हार्नेस (अंगभर पट्टे) आधीच लावलेले असेल तर त्याला वरूनच ओढता येते. पट्टा आणि बाहेर धरलेली दोरी ही अट तर 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 36 मध्येच होती!

गाळ कुंपणामागे न टाकता मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदपत्रासह) घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडेच जावा. मीटर, ब्लोअर, तिपाई, हार्नेस ही सारी साधने सफाईच्या कंत्राटात दरासह लिहावीत. ठेकेदारावर सोडली की सर्वांत आधी तीच गळतात.

– एक सुरक्षा अधिकारी, चाकण