तारीख नसलेलं लायसन्स

आउग्सबुर्ग, 9 नोव्हेंबर

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "विमान उडवायचं लायसन्स मिळालंय ना, मग परत शिकवणाऱ्याला शेजारी कशाला बसवायचं?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

माझं लायसन्स हौशी वैमानिकाचं, एलएपीएल. एका इंजिनाचं, दोन हजार किलोपर्यंतचं विमान आणि माझ्यासकट चार माणसं, एवढीच त्याची झेप. त्यावर मुदत संपायची तारीखच नाही. पण ज्या दिवशी उडायचं त्या दिवसापासून मागे 24 महिने मोजायचे. तेवढ्यात 12 तास उड्डाण, 12 टेकऑफ-लँडिंग आणि प्रशिक्षकाबरोबर निदान एक तास झालेला हवा. आपल्या ओसरीवरच्या झिरपणाऱ्या माठासारखं आहे हे. वरून ओतत राहावं लागतं, कारण दोन वर्षांपूर्वीचे तास रोज खालून निघून जात असतात. कोणी नोटीस पाठवत नाही. लॉगबुक उघडून बेरीज आपली आपणच करायची.

यंदा तीच बेरीज अडली. क्लबचं विमान एप्रिलपासून जुलैपर्यंत दुरुस्तीत, विचारलं की "पुढच्या आठवड्यात". फार चिडचिड झाली माझी. मग ऑक्टोबर आला आणि लेख नदीच्या खोऱ्यात धुकं बसलं. आम्ही बाहेर बघून उडणारी माणसं, दिसत नसेल तर विमान हँगरमध्येच. मोजले तर 10 तास 40 मिनिटं. अशा वेळी एकतर परीक्षकाकडे चाचणी द्यायची, नाहीतर राहिलेले तास प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली भरायचे. मी दुसरं केलं.

गेल्या शनिवारी ऊन पडलं. अडीच हजार फुटांवर प्रशिक्षकाने काही न बोलता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढला. इंजिनाचा आवाज एकदम बसला. माझा हात थ्रॉटलकडेच धावला. तो म्हणाला, "ते गेलं असं समज. आधी वेग." नाक खाली घेतलं, वेग 65 नॉटवर, म्हणजे ताशी साधारण 120 किलोमीटरवर, स्थिर केला, उतरायला डावीकडचं नांगरलेलं शेत धरलं. बरंच खाली आल्यावर त्याने बोट दाखवलं: शेताच्या कडेने विजेच्या तारा. मला दिसल्याच नव्हत्या! बाबा, एकट्याने शंभर तास उडलो असतो तरी त्या तारा मला कोणी दाखवल्या नसत्या. म्हणून तो एक तास मला जाचक वाटत नाही. सव्वा तासाने उतरलो, दुपारी पुन्हा दहा मिनिटांची एक फेरी मारली. लॉगबुकवर त्याची सही झाली. 12 तास 5 मिनिटं.

आई, तू म्हणालीस बारामतीला येऊन चालवून दाखव. ते या लायसन्सवर होणार नाही गं. हे आंतरराष्ट्रीय मापापेक्षा खालचं, युरोपच्या नियमातल्या देशांपुरतंच. त्यासाठी पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं वरचं लायसन्स, काढावं लागेल. शिवाय पुढच्या वर्षी चाळिशी. त्यानंतर वैद्यकीय तपासणी पाच वर्षांऐवजी दर दोन वर्षांनी.

इथे आलात की मात्र दोघांनाही वर नेणार. माणसं बसवायची तर आधीच्या 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली लागतात. तिकिटं निघाली की तारीख लगेच कळवा, म्हणजे मी त्या बेताने ती आधीच करून ठेवतो.

तुमचा,
नंदू