नांगरट करण्याआधी टिटवीकडे बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पेरणी होईपर्यंत पक्षी बघायला सवडच नाही, असं तू लिहिलंस. उन्हाळ्यात वेगळी सवड काढू नकोस. नांगरट, कुळवणी, पाण्याची पाळी ही कामं आहेत तशीच होऊ देत, दुर्बीण फक्त सोबत राहू दे. जमिनीवर घरटं करणारे पक्षी नेमके नांगर चालायच्या दिवसांत अंडी घालतात. त्यांच्यासाठी तुझी नजर याच दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त कामाची आहे.

आधी टिटवी. वावरात तिने आरडाओरडा केला की घरटं पायाशीच असेल असं समजू नकोस. घरट्यापासून लांब असतानाही ती डोक्यावर झेपा घेते. सकाळी आठच्या आत शेताच्या कडेला जा आणि साठ-सत्तर पावलांवर झाडाच्या बुंध्याशी गप्प बसून राहा. दहा-पंधरा मिनिटांत तिचा धीर परत येतो. ती थेट घरट्यावर उतरत नाही. चार पावलं पळते, थांबते, पुन्हा पळते. शेवटी पोट हलवत खाली बसली की जागा कळली. डोळे न हलवता पलीकडच्या बांधावरचं झाड आणि अलीकडचं एखादं ढेकूळ अशा दोन खुणा एका रेषेत धर, मग चाल. घरटं म्हणजे उथळ खळगा आणि भोवती बारीक खडे. अंडी बहुधा ४, बारीक टोकं आत वळलेली आणि रंग असा मातकट ठिपक्यांचा की नजर हलली तर पुन्हा सापडत नाहीत.

हे काम दुपारी अजिबात करू नकोस. त्या वेळी पक्षी अंड्यांवर ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला उभा असतो. कधी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतो. भर उन्हात त्याला उठवलंस तर तापलेल्या मातीवर अंडी काही मिनिटांत खराब होतात.

घरटं सापडलं की खुणेच्या काठ्या अगदी त्याच्याजवळ रोवू नकोस. कावळे तुझ्यावर नजर ठेवून असतात. नांगर चालतो त्या ओळीच्या दिशेत घरट्याच्या पुढे आणि मागे साधारण ५ मीटरवर एकेक काठी पुरेशी आहे. गेलास त्याच वाटेने उलटा न फिरता सरळ पुढे निघून जा. नांगरताना दहा फुटांचा चौकोन सोडून दे. अंडी उबायला साधारण २८ ते ३० दिवस लागतात, म्हणजे फार तर महिनाभर तेवढा तुकडा थांबेल. पिल्लं बाहेर आल्यावर लवकरच घरटं सोडतात, पण आईने इशारा दिला की जागच्या जागी चिकटून बसतात. ट्रॅक्टरच्या आवाजाने ती पळत नाहीत. म्हणून त्या तुकड्यात यंत्र घालण्याआधी कुणीतरी पुढे चालत जाऊन बघायला हवं. शेत मधून कडेकडे नांगरत गेलं तर पक्ष्यांना बाहेर पडायला वाट राहते. कडेकडून आत गेलं तर ते मधल्या पट्ट्यात कोंडतात. धाविक हा पक्षीही अशाच उघड्या रानात २-३ अंडी घालतो, त्याच्यासाठीही हीच काळजी घे.

नांगर चालू असताना मागे काय येतं ते मात्र ट्रॅक्टर वळवायला थांबशील तेव्हाच बघ, चालवताना नको. उलटलेल्या मातीतल्या हुमणीच्या अळ्या आणि कोष टिपायला गायबगळे, मैना, कोतवाल येतात. पायी माणसापेक्षा यंत्राला ते कमी बिचकतात, त्यामुळे बसल्या जागेवरून छान दिसतात. या दिवसांत गायबगळ्याचं डोकं, मान, पाठ नारिंगी होते. वेगळा पक्षी म्हणून नोंदवू नकोस. ढोकरी या छोट्या बगळ्याची पाठही अशीच गडद तांबूस होते.

दारं धरायचं, म्हणजे सरीसरीने पिकाला पाणी सोडायचं काम तर यासाठीच आहे असं मला वाटतं. एक सरी भरेपर्यंत तुला नुसतं उभं राहायचं असतं. पिवळे धोबी एप्रिलपर्यंत दिसतात, मग जातात. कवड्या धोबी राहतो. पलीकडच्या पडीक रानात डोंबारी चंडोल वर चढतो आणि पंख मिटून शिटी मारत दगडासारखा खाली येतो. जमिनीजवळ येता येता सावरतो आणि पुन्हा वर उसळतो. हे नुसत्या डोळ्यांनीच बघ.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहापटीची हातात जास्त थरथरते, आणि दहा वाजल्यानंतर जमिनीवरची हवा इतकी लहरते की वाढीव पटीचा उपयोग होत नाही. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवर घट्ट बसणारा पट्टा बरा, वाकताना ती आपटत नाही. ट्रॅक्टरवर लटकवू नकोस, हादऱ्यांनी आतले लोलक हलतात आणि एकाची दोन चित्रं दिसू लागतात. धूळ बसली की आधी फुंक, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी कापड. सदऱ्याच्या टोकाने पुसलंस तर मातीचे कण भिंगावर ओरखडे काढतात, आणि ते कायमचे राहतात.

उभ्या काठाच्या हौदात पक्षी बुडून मरतात. गोणपाट गुंडाळलेली एक फळी तिरपी टाकून ठेव. उथळ पाणी ठेवशील तर खोली दोन बोटांहून जास्त नको. जागा सावलीत असावी, पण झुडपापासून सात-आठ फूट लांब, नाहीतर मांजर दबा धरतं. पाणी रोज बदल.

बांधाची किंवा ओढ्याची माती काढायची असेल तर उभ्या दरडीत लहान लिंबाएवढी भोकं आणि खाली ताजी माती दिसते का बघ. जवळच्या तारेवर वेडा राघू चोचीत किडा धरून बसला असेल तर आत पिल्लं आहेत. त्या बाजूचं खोदणं पावसाळ्यावर ढकल.

वहीत तारीख, वेळ, जागा, कोणतं काम चालू होतं आणि पक्ष्यांची संख्या एवढंच लिही. पावशाचं पहिलं ‘पेरते व्हा’ आणि पहिला चातक या दोन तारखा वेगळ्या पानावर ठेव, दरवर्षी खाली खाली लिहीत जा. टिटवीचं घरटं सापडलं तर अंडी किती होती आणि पिल्लं कधी निघाली ते मला कळव.

तुझा,
मित्र